प्लेटिंग झाल्यावर प्रेस फिट बिघडतंय, दीड एमएमच्या पिनला माप काय धरायचं?

कुडीवाली:

नमस्कार मंडळी, लेथमधलं आणि दागिन्यातलं दोन्ही कळणारी माणसं इथं आहेत म्हणून इथंच विचारतेय. मी घरूनच छोट्या प्रमाणात पितळेचे दागिने करते, डिझाईन माझं, टर्निंग आणि प्लेटिंग बाहेर जॉबवर्कवर. सध्या एक टू-टोन टॉप्स काढतेय. चकती ८ एमएम व्यासाची, २ एमएम जाड, तिच्यावर सोन्याचा मुलामा. मधोमध घुमटासारखं छोटं बटण, ते रोडियमचं पांढरं. बटणाच्या पोटाला दीड एमएमची पिन आहे, ती चकतीच्या आरपार भोकात दाबून बसवायची, मागून पिनचं टोक चकतीच्या लेव्हलला येतं. कानातली दांडी चकतीच्या मागे, मध्यापासून जरा वर, ती प्लेटिंगच्या आधीच डाख देऊन घेतलेली असते.

दोन रंग आहेत म्हणून आधी जोडून मग प्लेटिंग हा रस्ता बंद, आणि प्लेटिंगनंतर डाख द्यायचा तर मुलामा जळून जाणार, म्हणून प्रेस फिट. ड्रॉइंगवर भोक १.५० आणि पिन १.४८ ठेवली होती, टर्निंग होऊन आली तेव्हा पिन अलगद आत जात होती, प्लेटिंग चढल्यावर घट्ट होईल असा हिशोब. प्लेटिंग होऊन आल्यावर बरीचशी बटणं शिरेचनात, आणि जोर लावला की भोकाच्या काठाला सोन्याची साल निघून चंद्रकोरीसारखा ओरखडा उठतो, तो बटणाच्या बाहेर दिसतो. मग पिन १.४५ करून घेतली तर एकाच बॅचमधली काही बटणं घट्ट आणि काही उलटं धरलं की टपकन खाली. टर्निंगवाले म्हणतात आमचं माप बरोबर, प्लेटिंगवाले म्हणतात आम्ही तर पाचच मायक्रॉन (एमएमचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) चढवतो. दोघंही चांगली माणसं आहेत, मला कुणाशी भांडायचं नाहीये, माझ्या ड्रॉइंगवर नक्की काय लिहायचं तेवढं सांगा. नेटवर भोक आणि पिन किती घट्ट-सैल ठेवायचं त्याचं ते एच सेव्हन पी सिक्स वगैरे टेबल बघितलं पण ते एवढ्या बारीक पिनला आणि वर प्लेटिंग असताना लागू होतं का ते कळेना. इन्स्टंट ग्लू वापरून बघितलाय, त्याची वाफ आजूबाजूला पांढरी धरते, त्यामुळे तो नको.

टाकीवाला:

ताई, पाच मायक्रॉन म्हणजे कशाचे पाच ते आधी विचारा. सोनं पाच मायक्रॉन कुणीही चढवत नाही या भावात, इमिटेशनमध्ये सोनं म्हणजे ०.१ ते ०.२ मायक्रॉनचा फ्लॅश, म्हणजे नावापुरता थर, असतो बहुतेक वेळा. जाडी असते ती खालच्या थरांची. आधी सायनाइड कॉपर, मग चकाकीसाठी अॅसिड कॉपर, मग ब्राइट निकेल किंवा निकेल नको असेल तर व्हाइट ब्रॉन्झ किंवा पॅलॅडियम, आणि सगळ्यात वर सोनं नाहीतर रोडियम. एकट्या अॅसिड कॉपरचेच दहा मायक्रॉन सहज होतात, कारण टर्निंगच्या रेघा तोच बुजवतो. तुमचे प्लेटिंगवाले बहुतेक फक्त निकेलचे पाच सांगत असतील आणि ते खोटं बोलत नसतील.

आता हिशोब बघा. समजा सगळे थर मिळून १२ मायक्रॉन. पिनवर ते दोन्ही बाजूंनी चढतात म्हणजे व्यास २४ ने वाढला. भोकात पण दोन्ही बाजूंनी, म्हणजे व्यास तेवढाच कमी झाला. फिटमधला फरक थराच्या चौपट, ४८ मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ पॉइंट झिरो फाइव्ह. तुम्ही ठेवलेली फट होती पॉइंट झिरो टू. शिरणार कशी?

पण कागदावर चौपट धरून मोकळे व्हायचं असंही नाही, कारण करंट सगळीकडे सारखा जात नाही. टोकं, कडा, बाहेर आलेले भाग यांच्यावर तो धावतो आणि खड्ड्यात जायला कंटाळतो. तुमची पिन म्हणजे बाहेर आलेलं टोक, तिच्यावर सांगितल्यापेक्षा जास्त जाडी बसणार. भोकाच्या तोंडाला जास्त, पोटात कमी, म्हणजे भोकाला आतून गळा आवळल्यासारखी कड येते आणि तुम्ही म्हणताय ती साल तिथूनच निघते. त्यात बॅरलमध्ये, म्हणजे फिरत्या पिंपात सगळा माल एकत्र टाकून, फिरवलेला माल असेल तर एका बटणाला मध्यभागी जागा मिळाली, एकाला कडेला, तर एकाच बॅचमध्ये दीडपट-दुप्पट फरक पडू शकतो. पिन १.४५ केल्यावर काही घट्ट काही सैल झाली ती यामुळेच. हा फरक १.४४ करून जाणार नाही आणि १.४६ करून पण जाणार नाही.

अजून एक, ई-कोटिंग म्हणजे ते लॅकर करून घेता का? ते केलं तर आणखी पाच-दहा मायक्रॉन आणि ते मऊ, दाबताना पिनवरून सापाच्या कातीसारखं सोलून निघतं. करत असाल तर सांगा.

विशू_०७:

एवढं मायक्रॉन मायक्रॉन कशाला करताय, अॅराल्डाइट लावा आणि रात्रभर ठेवा की

लेथमास्तर:

विशू भाऊ, अॅराल्डाइटला पण फट लागते, सालपट्या निघालेल्या भोकात ते बाहेर येऊन बसेल आणि मग ताईंनी ते पुसत बसायचं का.

ते टेबल लागू होतं, पण आकडे बघून घाम फुटतो म्हणून लोक बघत नाहीत. ३ एमएमपर्यंतच्या मापाला एच सेव्हन भोक म्हणजे शून्य ते अधिक १० मायक्रॉन. पी सिक्स पिन म्हणजे अधिक ६ ते अधिक १२. म्हणजे वाईटात वाईट जोडीला ४ मायक्रॉनची फट आणि घट्टात घट्ट जोडीला १२ मायक्रॉनचा दाब, म्हणजे पिन भोकापेक्षा तेवढी जाड. एस सिक्स घेतलीत तर पिन अधिक १४ ते अधिक २०, मग दाब ४ ते २० मायक्रॉन, कधीच सैल नाही. आता हे सगळं टेबल पूर्ण तयार पार्टसाठी आहे, म्हणजे प्लेटिंगसकट. टाकीवाल्यांनी सांगितलं तसं तुमचं प्लेटिंगच एकटं चाळीस-पन्नास मायक्रॉन इकडेतिकडे करतंय, तर वीस मायक्रॉनच्या टेबलात ते बसणार कसं. टेबल चुकीचं नाही, तुमचा रंग टेबलापेक्षा जाड आहे.

मोजायचं काय वापरता? डिजिटल व्हर्नियर असेल तर तो बाजूला ठेवा, त्याची स्वतःचीच चूक दोन शतांश, म्हणजे वीस मायक्रॉन असते, आणि एवढ्या भोकात त्याचे जबडे तिरके बसतात. पिनला मायक्रोमीटर, भोकाला पिन गेज, म्हणजे नेमक्या मापाच्या सळ्या. दीड एमएमच्या आसपासचे पॉइंट झिरो वनच्या स्टेपचे पाच-सात पिन गेज घेतले तरी काम होतं, पूर्ण सेट लागत नाही. १.४९ चा जातो, १.५० चा अडतो, झालं माप.

आणि दांडीला डाख आधी देता म्हणालात ना, तिथं एक गोष्ट आहे. चांदीचा डाख सातशे डिग्रीच्या आसपास वितळतो, तेवढ्यात एवढीशी चकती अख्खी तापून मऊ पडते. टर्निंगवरून आली तेव्हा पितळ कडक होतं, डाखानंतर ते हाताला वाकेल असं होतं. मऊ भोक दाबाला फाकतं आणि परत आवळत नाही. बटणाची पिन कडक आणि भोक मऊ, त्यामुळे तुम्ही कितीही घट्ट माप दिलं तरी पकड एका मर्यादेपुढे वाढत नाही, नुसती साल जास्त निघते. जमलं तर दांडी स्पॉट वेल्डने लावून घ्या, चकती तापतच नाही.

माझ्याकडे असं काम आलं तर मी साधी पिन ठेवणारच नाही. पिनवर उभं नर्लिंग, म्हणजे दाबून उठवलेल्या दातेरी रेघा, मारायचं, दाते भोकापेक्षा पाच-सात शतांश वर, ते दाते भोकाच्या भिंतीत रुततात, प्लेटिंग चार मायक्रॉन इकडे की तिकडे त्याला फरक पडत नाही. प्लास्टिकमध्ये पितळी इन्सर्ट असेच बसवतात. चकतीत भोकाभोवती भरपूर मटेरियल आहे, फाटायची भीती नाही. पातळ रिंगमध्ये मात्र हे करू नका, बाहेरून फुगवटा दिसतो.

कुडीवाली:

बापरे, चौपट होतं हे डोक्यातच नव्हतं आलं. लॅकर फक्त चकतीवर असतं, बटणावर नाही. टाकीवाले दादा, मग भोकात लॅकर जाऊच नये म्हणून काही करता येतं का? लेथमास्तर काका, नर्लिंग टर्निंगवाल्यांना विचारलं, ते म्हणाले दीड एमएमवर नर्लिंग करताना पिन वाकते. आणि एक मैत्रीण म्हणाली पिनला थोडा निमुळतेपणा दे म्हणजे कुठंतरी घट्ट होईलच. ते कसं वाटतं?

घड्याळजी:

निमुळती पिन घड्याळवाल्यांची जुनी युक्ती, पण तुमच्या कामाला नाही चालणार, कारण सांगतो. घड्याळाच्या निमुळत्या पिनचा उतार पन्नासास एक असतो, म्हणजे एक एमएम लांबीला व्यासात वीस मायक्रॉन. आता तुमच्याच मापात वीस मायक्रॉनचा फरक असेल तर एक बटण पूर्ण बसेल आणि दुसरं एक एमएम वर उभं राहील. चकतीच्या वर बटणाची फट दिसणार. जिथं पिनला खांदा टेकायचा असतो तिथं टेपर उपयोगाचा नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. मनगटी घड्याळात ते लाल माणिक असतात ना, जुन्या काळी ते सोन्याच्या कोंदणात बसवून स्क्रूने धरायचे, पुढे ते सरळ पितळेच्या प्लेटमध्ये दाबून बसवायला लागले. तो माणिक आणि ते भोक यात फरक असतो फक्त एक शतांशाचा, म्हणजे दहा मायक्रॉन. माणिक बदलायच्या टूलबरोबर जे रीमर (भोक नेमक्या मापाला कापून मोठं करणारं हत्यार) येतात ते मुद्दाम माणिकाच्या नावाच्या मापापेक्षा एक शतांश लहान भोक करतात, ०.९० चा माणिक असेल तर भोक ०.८९ होतं. आणि मुख्य मुद्दा पुढे आहे. प्लेटवर निकेल, रोडियम, सोन्याचा मुलामा असतो की नाही? पण माणिक बसतो तो मुलाम्यात नाही, कापलेल्या पितळेत. नवीन भोक मारलं तर ते मुलाम्यानंतरच रीम करतो आपण. मुलामा बघायला असतो, पकडायला नसतो.

ताई, तुम्ही पण तेच करा. टर्निंगला भोक १.५० ठेवूच नका, १.४० ठेवा आणि वरच्या बाजूला काठाला चॅम्फर (तिरका काप) द्या जो बटणाच्या खाली झाकला जाईल, १.८ पर्यंत नेलात तरी चालेल. मग जेवढं काय प्लेटिंग, लॅकर करायचं ते करून घ्या. परत आल्यावर १.४९ चा कार्बाइड रीमर घालून भोक साफ करा. भोकात गेलेलं लॅकर, गळा आवळणारी कड, सगळं निघून जातं आणि रीमरचं माप म्हणजेच भोकाचं माप. रीमर समोरून घाला, मागून नाही. शिरताना तो चॅम्फरच्या तळापासून कापायला लागतो त्यामुळे वरचा मुलामा त्याला लागतच नाही. बाहेर पडताना थोडी साल निघालीच तर ती मागच्या बाजूला. हात हलू द्यायचा नाही, ड्रिल मशीनमध्ये धरून सगळ्यात कमी स्पीडला, एक थेंब तेल, आत गेलेला रीमर उलटा फिरवायचा नाही. एक-एक शतांशाच्या स्टेपचे रीमर मुंबईत नागदेवीला मिळतात, दोन घेऊन ठेवा, १.४९ आणि १.४८.

दाबायला हातोडी नको. त्याच ड्रिल मशीनची मोटर बंद ठेवायची, चकमध्ये नायलॉनचा गोल तुकडा धरायचा, त्याच्या तोंडाला बटणाच्या घुमटासारखी वाटी करून घ्यायची, आणि हँडलने दाबायचं. सरळ जातं आणि हाताला कळतं. शिरताना एकसारखा जोर लागला पाहिजे, मधेच एकदम हलकं गेलं तर ते बटण बाजूला ठेवा.

टाकीवाला:

घड्याळजी म्हणतात ते चकतीला बरोबर, पण पिन राहिली. भोक रीमरने सारखं केलं आणि पिनवर माझा थर कमी-जास्त असला तर परत तेच. पिनवर थर येऊच द्यायचा नाही. त्यासाठी सोपा उपाय म्हणजे टाकीत सोडताना बटण पिनलाच धरायचं. बॅरलमध्ये टाकायचं नाही, जिगवर लावायचं. पितळेच्या पट्टीत दीड एमएमपेक्षा किंचित मोठी भोकं मारून त्यात पिना खोचतात, मागून स्प्रिंगची पट्टी टेकते तिथून करंट येतो, पिन पट्टीच्या आत लपलेली असते म्हणून तिच्यावर धातू जवळपास चढतच नाही. पट्टीवर वाया जातं ते जातं, पट्टीला बाहेरून लॅकर मारून ठेवली की तेही वाचतं. रोडियम महाग आहे त्यामुळे प्लेटिंगवाले स्वतःच खूश होतील. फक्त बटणाचं पोट पट्टीला घट्ट चिकटवू नका, अर्धा एमएम वर ठेवा, नाहीतर पोटाच्या कडेला सावली पडून रंग फिका येतो.

आणि भोक आरपार आहे ते तसंच ठेवा. पुढच्या डिझाईनमध्ये कुणी सुचवेल की मागून पिन दिसायला नको, बंद भोक करू. नका करू. बंद भोकात टाकीचं पाणी अडकतं, कितीही धुतलं तरी तळाशी राहतं, आणि पंधरवड्याने ते बाहेर झिरपून कडेला हिरवे-पांढरे डाग येतात. शिवाय दाबताना आतली हवा जायला जागा नसते, बटण बसतं आणि परत थोडं वर येतं. करायचंच असेल तर पिनला एका बाजूने चपटं करा.

हुपरीकर:

आमच्याकडं पैंजणाच्या कामात आसलं काय नसतंय, सरळ रिबीट. पिन चकतीच्या मागं अर्धा-पाऊण एमएम जास्त ठेवा, भोक मागच्या अंगाला जरा खोलगट करून घ्या, बटण समोरनं घाला, मागनं बारक्या गोल तोंडाच्या पंचनं चार बाजूंनी हळूहळू ठोकत पसरवा. पिन भोकात सैल असली तरी चालतंय की, माप बिप काय बघायला नको. डोकं खोलगटात बसतंय म्हणून कानाला टोचत पण नाय. फकस्त बटणाखाली शिसाचा किंवा लाकडाचा साचा पायजे नायतर घुमट चपटा होतोय. पिनचं टोक पोकळ करून घेतला तर ठोकायला जोरच लागत नाय, आयलेटसारखं उलगडतंय. मागच्या बाजूचं प्लेटिंग तडकंल तेवढ्याला ब्रशनं मुलाम्याचं पाणी मारून घ्या.

ज्याला शंभर-दोनशे जोड करायचेत त्यानं रीमर नि मायक्रोमीटरच्या नादाला लागावं का ते तुम्हीच ठरवा बाई.

मेक_इंजि:

सगळ्यांचे मुद्दे चांगले आहेत, मी फक्त आकडे टाकतो म्हणजे किती दाब लागतो त्याचा अंदाज येईल, कारण लोक गरजेपेक्षा खूप जास्त घट्ट ठेवतात असा माझा अनुभव आहे. पिन आणि चकती दोन्ही पितळ, पितळेचा इलास्टिक मॉड्युलस साधारण १०० गिगापास्कल, पिन दीड, चकती ८, लांबी २ एमएम. फक्त ४ मायक्रॉनचा इंटरफेरन्स (पिन भोकापेक्षा जेवढी जाड तेवढा) धरला तर जोडावरचा दाब येतो साधारण १२८ मेगापास्कल, आणि घर्षण ०.१५ धरलं तर पिन उपटायला अंदाजे १८० न्यूटन, म्हणजे १८ किलो. कानातल्या बटणाला १८ किलो! दोन मायक्रॉन असले तरी नऊ किलो. चॅम्फरने कमी झालेली लांबी आणि भोकाचा खडबडीतपणा धरून यातले अर्धे गेले तरी पुरून उरतं.

आता त्याच ४ मायक्रॉनला भोकाच्या काठावर स्ट्रेस येतो २३० मेगापास्कलच्या आसपास. कडक पितळ तो कसाबसा झेलतं. लेथमास्तर म्हणाले तसं डाखाने मऊ झालेलं पितळ शंभर-सव्वाशेलाच यील्ड होतं, म्हणजे दोन मायक्रॉनच्या पुढे भोकाची आतली कड कायमची फाकायला लागते. म्हणून पॉइंट झिरो टू, पॉइंट झिरो थ्री इंटरफेरन्स देऊन काहीही मिळत नाही, साल मात्र मिळते. मी ड्रॉइंगवर भोक १.४९० ते १.४९६ (प्लेटिंगनंतर रीम) आणि पिन १.४९८ ते १.५०२ (प्लेटिंगशिवाय) असं लिहीन, मग दाब २ ते १२ मायक्रॉनमध्ये राहतो. पिनला चार मायक्रॉनचा टॉलरन्स मागितला तर टर्निंगवाले तोंड फिरवतील, तेव्हा त्यांना १.५० ला प्लस-मायनस ५ द्या जे स्लायडिंग हेडवर (बारीक पार्टसाठीच्या लेथवर) आरामात होतं, आणि आलेल्या पिना मायक्रोमीटरने दोन डब्यांत वेगळ्या करा. १.४९८ च्या वरच्या १.४९ च्या भोकात, खालच्या १.४८ च्या भोकात. घड्याळजींनी दोन रीमर घ्यायला सांगितलेत ते तिथं कामाला येतात.

तापवून बसवायचा विचार कुणी केला असेल तर दीड एमएमचं पितळी भोक दीडशे डिग्रीने तापवलं की जेमतेम ४ मायक्रॉन फाकतं, आणि चिमट्याने उचलेपर्यंत चकती थंड झालेली असते, त्यामुळे ते सोडून द्या.

दोन धोके कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. एक, ताणाखाली असलेलं पितळ आणि अमोनिया यांचं वैर आहे. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ ठेवली की आपोआप तडकायची. काडतूस बनवताना आत राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया या जोडीने ते होतं हे १९२१ मध्ये नीट उलगडलं. प्रेस फिटचं भोक म्हणजे कायम ताणाखालचं पितळ, आणि रीम केल्यामुळे तिथं मुलाम्याचं कवच पण नाही. ८ एमएमच्या चकतीला भीती कमी, पण पुढे पातळ कड्यात असा जोड केलात तर कमी जस्ताचं पितळ वापरा, आणि पॅकिंगमध्ये चिठ्ठी टाका की अमोनियावाल्या काचा पुसायच्या लिक्विडने दागिना साफ करू नका.

दुसरा, परदेशात विकणार असाल तर मटेरियल. लेथवर छान कटणारं जे फ्री-कटिंग पितळ असतं त्यात तीन टक्क्यांच्या आसपास शिसं असतं. युरोपियन युनियनमध्ये दागिन्याच्या कुठल्याही भागात शिसं वजनाच्या ०.०५ टक्क्यांच्या वर चालत नाही, आतली न दिसणारी पिनसुद्धा धरून. कॅडमियम ०.०१ टक्का, त्यामुळे डाखही कॅडमियमचा नको. कान टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागातून निकेल दर आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सुटता कामा नये, त्वचेला टेकणाऱ्या बाकी भागांना ०.५. तेव्हा टाकीवाल्यांनी सांगितलेला व्हाइट ब्रॉन्झ किंवा पॅलॅडियम हाच रस्ता.

लेथमास्तर:

इंजि साहेब, शिसं काढलं की पितळ लेथवर लांब गुंडाळ्या काढतं आणि दीड एमएमच्या पिनवर फिनिश येत नाही, हे पण लिहायचं होतं. टर्निंगवाले भाव वाढवून मागतील, ते योग्यच आहे.

नर्लिंगमध्ये पिन वाकते हे खरं, एका बाजूने दाबणारं नर्ल वापरलं तर वाकणारच. दोन-तीन चाकांचं, सगळीकडून सारखं दाबणारं टूल लागतं, ते सगळ्यांकडे नसतं. त्यामुळे ताईंच्या केसमध्ये रीमरवालाच मार्ग घ्या, माझा आग्रह नाही.

कुडीवाली:

सगळ्यांचे खरंच आभार. जर्मनीत मावशीच्या ओळखीतून थोडे जोड जाणार आहेत त्यामुळे शिशाचं वेळेवर कळलं, मटेरियल बदलते. हुपरीकर दादा, रिबीटचा सॅम्पल पण काढणार आहे, पण मागून रिबीटचं डोकं दिसलेलं मला रस्टिक डिझाईनला जास्त आवडेल, या टॉप्सला नाही. यासाठी भोक १.४०, चॅम्फर १.८, प्लेटिंगनंतर रीम, बटण जिगवर पिनला धरून, असं ठरवलंय. लेथमास्तर काका, दांडी स्पॉट वेल्डचं विचारते. एकच विचारायचं राहिलं, रीम केलेल्या उघड्या पितळेत घाम जाऊन हिरवं नाही होणार का, की लॉकटाइटसारखं काही लावू?

घड्याळजी:

लावा, हरकत नाही, उलट बरंच. रिटेनिंग कंपाउंड म्हणून मिळतं ते, ६३८ किंवा ६०३ नंबरचं. ते हवा बंद झाली की आणि धातूचा संपर्क आला की घट्ट होतं, आणि उघड्या पितळेवर पटकन पकडतं, म्हणजे आता तुमच्याकडे नेमकं लागतं तसं आहे. सोन्यासारख्या थरांवर ते आळशी असतं, तिथं वेगळा अॅक्टिव्हेटर फवारावा लागतो. लॅकरवर जास्त वेळ राहू देऊ नका. सुईच्या टोकावर मावेल एवढंच, भोकात नाही, पिनच्या मध्यावर, म्हणजे दाबताना बाहेर येणारं मागच्या बाजूला येतं आणि पुसता येतं. बाहेर आलेलं हवेत सुकत नाही, कापसाने निघून जातं.

टाकीवाला:

आणि ते लावायच्या आधी रीमरचं तेल काढा, आयसोप्रोपिलमध्ये बुडवून ब्रश मारला तरी चालेल. अॅसिटोन नको, लॅकर जाईल. जिगच्या पट्टीसाठी बटणाचं एक सॅम्पल आणि पिनची लांबी तुमच्या प्लेटिंगवाल्यांना आधी नेऊन द्या, टर्निंगची पूर्ण बॅच निघायच्या आत, म्हणजे पिन लांब-आखूड करायची तर करता येईल. दोन एमएमची पिन पकडायला जरा आखूडच आहे, मी असतो तर तीन एमएम मागितली असती आणि जोडून झाल्यावर मागून कापून कानस मारली असती.

हुपरीकर:

तीन एमएम ठेवलीच हाय तर कापताय कशाला, रिबीट मारा की 😄